कंट्रोल करणारा नवरा स्टेजवर दाखवायचा तर त्याला व्हिलन करावंच लागतं का?

डिचोलीची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. आमच्या मंडळाची एकांकिका बसतेय, लिहितेय मी आणि बसवतायत आमचे मास्तर. गोष्ट साधीच आहे, पर्वरीला फ्लॅटमध्ये राहणारं जोडपं, नवरा बँकेत, बायको आधी शाळेत शिकवायची ती आता घरी. तो मारत नाही, ओरडत नाही, पीतसुद्धा नाही. पण हळूहळू तिचं सगळं त्याच्या हातात जातं. आधी स्कूटर जाते (अगो एवढ्या पावसात कशाला चालवतेस, मी सोडतो ना), मग शाळा सुटते, मग मोबाइलचा पासवर्ड, मग माहेरी जाणं, आणि दरवेळी त्याचं बोलणं ऐकून शेजाऱ्यांना वाटावं की काय नशीब काढलंय पोरीने.

आता भांडण असं की मास्तरांना पहिल्या सीननंतर एक जागा हवीय, ती आत जाते, नवरा एकटा उरतो, लाल स्पॉट येतो आणि तो हळूच हसतो. त्यांचं म्हणणं प्रेक्षकाला कळायला नको का हा कसला माणूस आहे ते, नाहीतर लोक म्हणतील चांगला तर आहे बिचारा, हिचंच काहीतरी बिनसलंय. माझं म्हणणं नेमकं तेच वाटायला हवं ना आधी! आणि असा माणूस एकटा असताना हसत नाही हो, तो बहुतेक टीव्ही लावून मॅच बघतो, त्याला मनापासून वाटत असतं की आपण आदर्श नवरा.

म्हणून मागच्या महिन्यापासून बघत सुटलेय, सिनेमे, सिरियली, जुनी नाटकं, जिथे जिथे कोणीतरी कोणाचं तरी मन ताब्यात घेतं. निम्म्या ठिकाणी तोच हसणारा माणूस सापडतो, फक्त सूट बदलतो. तुम्ही काय काय बघितलंय ज्यात हे खरं वाटलं? आणि ते हसणं ठेवू की काढू?

विंगेतला_फोंडेकर

बाय, तुझ्या मास्तरांची बाजू आधी घेतो मग तुझी घेतो.

उत्सवाच्या मंडपात नाटक करणाऱ्या माणसाला प्रेक्षकाची भीती असते ती तुला टेबलावर बसून कळायची नाही. पुढे पोरं चणे खातायत, मागे फेरीतला भोंगा, त्यात बारीक अभिनय दिसतो कोणाला. आणि मास्तर काही जगावेगळं मागत नाहीयेत. शेक्सपियरच्या ऑथेल्लोतला इयागो घे, ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय पेरणारा. तो तर सारखा प्रेक्षकांकडे वळून आपला बेत सांगत असतो. पण गंमत बघ, बेत सांगतो आणि कारण मात्र दरवेळी वेगळं देतो, कधी म्हणतो बढती मला मिळायला हवी होती ती दुसऱ्याला दिली, कधी म्हणतो माझ्या बायकोवर याची नजर होती, आणि शेवटी पकडल्यावर सगळे विचारतात का केलंस तर म्हणतो आता एक शब्द बोलणार नाही. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या लेखकाने प्रेक्षकाला सगळं सांगूनही काहीच सांगितलेलं नाहीये. हसवायचंच असेल तर नवऱ्याला असं हसव की ते कशाला हसला हे कळू नये.

आणि त्याची पद्धत बघ. तिसऱ्या अंकात तो खोटं असं फारसं बोलतच नाही. कॅसिओ (बढती मिळालेला तो) ऑथेल्लोच्या बायकोशी बोलून निघून जाताना दिसतो तेव्हा तोंडातल्या तोंडात हे काही बरं नाही असं पुटपुटतो, ऑथेल्लो विचारतो काय म्हणालास, तर म्हणतो छे, काही नाही. मग समोरच्याचेच शब्द परत प्रश्नासारखे म्हणून दाखवतो. मग वर उपदेश करतो की साहेब संशय फार वाईट हो, त्याच्या नादी लागू नका. शेवटी पुरावा दे पुरावा दे म्हणून गळा कोण धरतो तर ऑथेल्लो स्वतः. बायकोचा रुमाल, तो खोटा पुरावा, तर खूप नंतर कामाला येतो, तोपर्यंत काम झालेलं असतं. ओंकारा या हिंदी सिनेमात, म्हणजे ऑथेल्लोच तो, रुमालाचा कमरबंद केलाय आणि लंगडा त्यागी, तिथला इयागो, सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण मला त्यात आवडतं ते हेच, गप्प राहून समोरच्याला बोलायला लावणं.

आता आपल्याकडची गोष्ट. गोविंद बल्लाळ देवलांनी ऑथेल्लोचं मराठीत झुंझारराव केलं 1890 साली, आणि संशयकल्लोळही त्यांचंच, तेसुद्धा परदेशी नाटकावरूनच आलेलं. एकाच माणसाच्या हातून संशयाची शोकांतिका पण आली आणि फार्स पण आला. एकात रुमाल, दुसऱ्यात तसबीर. आमच्या गोव्यात झुंझारराव कोण करतो आता? संशयकल्लोळ मात्र दर दोन देवळांआड एका उत्सवात लागतो. फाल्गुनराव बायकोवर पाळत ठेवतो आणि मंडप हसून लोळतो, मी पण लोळलोय, काय पदं आहेत. फरक एवढाच की तिथे त्याची बायको कृत्तिकाही तेवढीच संशयी आहे, दोघं समान वजनाचे, म्हणून हसू येतं. तुझ्या एकांकिकेत वजन एकाच बाजूला आहे. पण तुझा प्रेक्षक फाल्गुनरावावर वाढलेला आहे हे विसरू नको, पासवर्ड मागणारा नवरा दिसला की पहिल्या पाच मिनिटांत तो हसणारच. ते हसू तू कुठे थांबवतेस तिथे तुझं नाटक आहे.

घाटावरून_आलेला

एकच प्यालामधला तळीराम विसरलात काय काका? वकील सुधाकराची सनद जाते, अपमान झालेला असतो, झोप नाही, बरोब्बर त्या दिवशी हा येऊन म्हणतो फक्त एक घ्या, विसरायला होईल. चांगल्या दिवशी गेला असता तर सुधाकराने हाकलला असता. 1919 चं नाटक आहे पण आजचे फसवे गुरू आणि नेटवर्क मार्केटिंगवाले हेच करतात, माणूस कधी पडलाय ते बघून येतात.

मडगावचो_लायटवालो

मी लायटिंग करतो त्यामुळे माझं उत्तर लायटीचंच असणार, रागावू नका.

गॅसलाइट बघितलाच असशील. पॅट्रिक हॅमिल्टनचं नाटक 1938 चं, त्यावर आधी 1940 ला ब्रिटिश सिनेमा आला आणि मग 1944 ला हॉलिवूडचा, इन्ग्रिड बर्गमनवाला. सगळे सांगतात की नवरा मुद्दाम दिवे कमीजास्त करतो आणि बायकोला म्हणतो तुला भास होतोय. बारकाईने बघ, तसं नाहीये. नवरा रोज संध्याकाळी बाहेर जातो असं दाखवून शेजारच्या रिकाम्या घरातून स्वतःच्याच माळ्यावर चढतो, तिथे दागिने शोधायला गॅसचा दिवा लावतो, आणि एका पाइपवर जास्त दिवे लागले की खालच्या खोलीतली ज्योत आपोआप बसते. म्हणजे दिवा बारीक होणं हा त्याचा डाव नाहीच, ती त्याच्या हातून सुटलेली खूण आहे! त्याचे डाव वेगळेच आहेत, ब्रोच गायब करणं, भिंतीवरचं चित्र काढून लपवणं. दिवा ही त्या घरातली एकच गोष्ट आहे जी खरं बोलतेय, आणि तीच बघून बाईला वाटतं आपलं डोकं फिरलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर एका फेजवर जास्त लोड टाकल्यासारखं. मला हे कळल्यावर मी तो सिनेमा परत पहिल्यापासून बघितला. आणि ती सुटते कधी, तर तिसरा माणूस, तो डिटेक्टिव, खोलीत बसलेला असताना ज्योत खाली येते आणि तो म्हणतो हो, मला पण दिसतंय. बस. तिला कोणी समजावत नाही, धीर देत नाही, फक्त मलाही दिसतंय म्हणतो.

अजून एक सीन नीट बघ, गाण्याच्या मैफलीचा. भरल्या लोकांत नवरा हळूच तिला सांगतो माझं घड्याळ नाहीये, आणि ते तिच्याच पर्समध्ये निघतं, ती सगळ्यांसमोर रडायला लागते आणि तो किती प्रेमाने तिला सावरून घरी नेतो. बघणाऱ्या शंभर लोकांना काय दिसलं? आजारी बायको आणि सोशिक नवरा. घरातल्या नोकरांनाही त्याने आधीच सांगून ठेवलंय की बाईसाहेबांची तब्येत बरी नाही, त्यामुळे ती जे बोलेल ते आजारातच धरलं जातं. तुझ्या नाटकात हा सीन हवा. एखादं बारसं, चतुर्थीची माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती), काहीही, पण चार माणसं हवीत. घरातल्या चार भिंतीत सगळं दाखवलंस तर अर्धंच दाखवलंस.

तक्रार पण आहे एक. त्या सिनेमात शेवटी दागिने निघतात. म्हणजे एवढ्या सगळ्याला कारण काय, तर हिरे. हिंदीतला वो कौन थी बघ, 1964 चा, तिथे हिरोला वेडा ठरवायचंय आणि कारण परत इस्टेट. लेखकाला कारण लागतं, कारण सापडलं की प्रेक्षक सुटला बुवा म्हणून घरी जातो. तुझ्या बँकवाल्याला माळ्यावर काही शोधायचं नाहीये, ते तू सांभाळ.

साधा_प्रेक्षक

मला एक कळत नाही, सगळ्यांनी खऱ्या आयुष्यासारखंच का दाखवायचं? खरं आयुष्य घरी फुकट मिळतं की. मी शैतान बघितला 2024 चा, माधवन पोरीला एक लाडू खायला देतो आणि ती त्याच्या मुठीत, बापाला मारायलाही तयार, मला जाम भीती वाटली, पैसे वसूल. मूळ गुजराती वश त्याच्याहून भारी म्हणतात. सिनेमाचं कामच ते, मनातली भीती मोठी करून दाखवायची. पोरगी परक्या माणसाचं ऐकायला लागली आणि आपलं ऐकेना ही प्रत्येक बापाची भीती आहे, ती लाडवातून दाखवली तर बिघडलं काय.

आणि देवमाणूस मालिका आमच्या घरी आख्ख्या कुटुंबाने बघितली. खोटा डॉक्टर गावातल्या बायकांना एकेक करून जाळ्यात ओढतो. आमची आजी रोज टीव्हीला शिव्या घालायची आणि रोज साडेदहाला पहिली तीच बसायची.

म्हापशाची_वकील

साधा प्रेक्षक, भीती वाटली हे मान्य, मलाही वाटली. पण लाडू आणि मंत्र दाखवला की एक सोय होते बघ. पोरगी वश झाली म्हणजे तिचं स्वतःचं काही चाललेलंच नव्हतं, घरच्यांचं काही चुकलेलं नव्हतं, मंत्र उतरला की सगळं जागच्या जागी. पन्नासच्या दशकात अमेरिकेत ब्रेनवॉशिंगची हवा झाली, कोरियाच्या युद्धातून परतलेल्या कैद्यांवरून, आणि 1962 चा मँच्युरियन कँडिडेट आला त्यात पत्त्यातलं एक पान दिसलं की माणूस यंत्रासारखा हुकूम पाळतो. तोच लाडू, फक्त पत्त्यांचा. माझ्याकडे ज्या बायका येतात त्यांच्या डोक्यात कोणी बटण बसवलेलं नसतं, त्यांना सगळं कळत असतं, फक्त प्रत्येक गोष्ट इतकी बारीक असते की सांगायला तोंड उघडलं की स्वतःलाच हसू येतं.

कोणाची ओळख पटेल असं काही लिहीत नाही, पण साधारण काय असतं ते सांगते, तुझ्या स्क्रिप्टला उपयोग होईल. गृह आधार या सरकारी योजनेचे पैसे बाईच्या खात्यात येतात, पासबुक नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात. बाजारात गेली की बिल आणायचं, बिलात नाही ती वस्तू कुठून आली ते सांगायचं. मासळीवालीने बिल दिलं नाही तर? मग त्या दिवशी मासळीचा दर काय होता ते तो संध्याकाळी दुसऱ्या कोणालातरी विचारणार. कदंब बसमध्ये बसलीस की फोटो पाठव. माहेरून फोन आला की हा खोलीत येऊन काहीतरी शोधायला लागणार, बोलत काही नाही, फक्त कपाटं उघडझाप. आईचा फोन मग ती बाईच दोन मिनिटांत आवरते. नंतर तो म्हणतो मी कधी अडवलंय तुला? आणि खरंच त्याने कधी अडवलेलं नसतं.

यातलं कुठलं सिनेमात दिसतं? थप्पड सिनेमा मला त्यासाठी आवडला, एक थप्पड मारल्यावर ती मागे वळून बघते तेव्हा आधीचं सगळं दिसायला लागतं, पण तिथेही सुरुवात करायला थप्पड लागलीच. मार दिसतो, कॅमेऱ्याला मारच लागतो.

कायदा मात्र सिनेमाच्या पुढे आहे, विश्वास बसणार नाही. आपला 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, जो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला, त्यात शाब्दिक आणि भावनिक छळ आहे, आर्थिक छळ पण वेगळा लिहिलेला आहे, पैसे अडवणं, तिच्या वस्तू वापरू न देणं, सगळं. पण तो दिवाणी धाटणीचा आहे, कोर्ट संरक्षणाचा आदेश देतं, आणि तो मोडला तर गुन्हा होऊन वर्षापर्यंत कैद होऊ शकते. इंग्लंडात 2015 साली अशा सतत ताब्यात ठेवण्यालाच सरळ गुन्हा केलं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. आणि योगायोग बघ, त्याच सुमाराला बीबीसी रेडिओच्या आर्चर्स मालिकेत हेलन आणि रॉब अशा जोडप्याची गोष्ट चालू होती. वर्षानुवर्षं चाललेली गावाकडच्या शेतकऱ्यांची मालिका, रोज छोटासा एपिसोड, आणि त्यात हा रॉब अडीच-तीन वर्षं हळूहळू हेलनला कपड्यांपासून मैत्रिणींपर्यंत सगळ्यांतून बाजूला करत जातो. सुरुवातीला ऐकणाऱ्यांनाही तो बरा वाटायचा. 2016 च्या एप्रिलमध्ये ती त्याला सुरी मारते आणि सप्टेंबरात निर्दोष सुटते. तेवढा वेळ सिनेमाकडे नसतो, म्हणून तो शॉर्टकट मारतो आणि हसू दाखवतो. तुझ्याकडे तर एकांकिकेचा पाऊण तास.

डिचोलीची_लेक

बाप रे, एवढं सगळं! ताई ते कपाटं उघडझाप मी उचलतेय हां, नाही म्हणू नका. लायटवाले भाऊ, चार माणसांचा सीन लिहायला घेतला, नवऱ्याच्या भाचीचं बारसं, तिथे तो सगळ्यांसमोर तिला औषध घेतलंस का विचारतो. औषध कसलं तर साधं रक्तवाढीचं. पण विचारतो अशा आवाजात की बायका एकमेकींकडे बघतात.

आता पुढची अडचण. शेवट. मास्तर म्हणतात तिने बॅग घेऊन निघून जावं, टाळी हमखास. मला ते पण खरं वाटत नाहीये.

म्हापशाची_वकील

निघून जाणं हे शेवटी एकदा होतं, त्याआधी किती वेळा परत येणं होतं ते कोणी दाखवत नाही. तेंडुलकरांचं कन्यादान बघितलं असशील. ज्योती मार खाऊनही शेवटी नवऱ्याकडे, अरुणकडेच परत जाते, आणि जाताना राग काढते तो बापावर, ज्याने तिला आयुष्यभर शिकवलं की माणूस मुळात चांगला असतो, त्याला बदलता येतं. मला तो बाप नवऱ्याहून जास्त अस्वस्थ करतो. त्याने चांगल्याच गोष्टी शिकवल्या, आणि त्याच चांगल्या गोष्टींनी तिला बांधून ठेवलं. अरुण तर समोर दिसतो, तो बाप, नाथ देवळालीकर, दिसत नाही. अर्थात ज्या पद्धतीने त्यात दलित नवरा रंगवलाय त्यावर टीका झाली आणि ती मला पटते, पण बापाचं काम आजही कोणी तसं लिहिलेलं नाही.

तुझ्या नाटकात तिची आई आहे का? ती काय म्हणते? मारत तर नाही ना, मग झालं, असंच ना?

आईचा_लाडका_४५

सगळं नवऱ्यांवरच चाललंय म्हणून लिहितो. आमच्याकडे हे काम आईने केलं. बाहेरगावी नोकरी लागली की तिचं प्रेशर वाढायचं, लग्नाचं ठरत आलं की प्रेशर वाढायचं. खोटं नव्हतं हो, मशीनवर दिसायचं वाढलेलं. आता ती नाही आणि मी त्याच घरात आहे. सिनेमात आई म्हटली की देव्हारा, नाहीतर सिरियलमधली भुवया उडवणारी सासू. मधली आई कोणी लिहिली तर बघायला येईन.

विंगेतला_फोंडेकर

लाडक्या, हे तू लिही. खरंच सांगतो. स्पर्धेला पुढच्या वर्षी बघू.

बाय, शेवटाचं म्हणशील तर तिच्या आईला आण. आई येते, दोन दिवस राहते, जावयाचं कौतुक करते, निघताना मुलीला सांगते याला जप. टाळी मिळणार नाही, पण बायकांच्या रांगेत चुळबुळ होईल ती मला विंगेतून ऐकू येते.

साधा_प्रेक्षक

म्हणजे ती सुटणारच नाही? मी पणजीला पार्किंग शोधून, तिकीट काढून येणार आणि बाई तिथेच? कोणीतरी मलाही दिसतंय म्हणणारा एक माणूस तरी ठेवा यार, त्या गॅसलाइटमधल्यासारखा.

मडगावचो_लायटवालो

हा मुद्दा बरोबर आहे मरे साध्याचा. पण डिटेक्टिव नको. बारशातली कोणीतरी, वाटलं तर मासळीवाली. तिला दर माहीत असतो.

डिचोलीची_लेक

मासळीवाली!! थांबा, थांबा. नवरा संध्याकाळी तिलाच येऊन विचारतो आज बांगडे काय भावाने दिलेस, आणि ती त्याच्याकडे बघते, मग खऱ्यापेक्षा वेगळाच भाव सांगते, बायकोने घरी जो सांगितलाय तोच. हिला कसा कळला तो भाव ते अजून ठरायचंय, ते मी आज रात्री बघते. मास्तरांना फोन करते, रोल वाढला म्हणून आधी ओरडतील. कोणाला डिचोली-साखळीकडे मासळीवालीचं काम करणारी खणखणीत आवाजाची बाई माहीत असेल तर सांगा, तालीम संध्याकाळी सातनंतर असते, सोडायला गाडी आहे.